वडिलांना जे माहीत होतं तेच शपथपत्रात नव्हतं: डिचोलीकडच्या उसन्या पैशांच्या एका दाव्याचा अभ्यास

गोव्यातल्या कुठल्याही दिवाणी कोर्टात सकाळभर बसून बघा, कोणी ना कोणी मुखत्यार साक्ष देताना दिसेलच. माणूस तारवावर, गल्फात, लंडनला नाहीतर लिस्बनला, आणि दावा इथे म्हापशाला, डिचोलीला, फोंड्याला, मग बाप, भाऊ, बायको कोणीतरी मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी, घेऊन साक्षीदाराच्या बॉक्समध्ये उभं राहतं. आपल्याकडे हे इतकं अंगवळणी पडलंय की साक्षीदार कोण असावा हा प्रश्नच कोणी विचारत नाही, जो घरी आहे तो साक्षीदार. आणि दावा तिथेच ढिला पडतो, क्रॉस, म्हणजे उलटतपासणी, सुरू व्हायच्या कितीतरी आधी.

खालचं प्रकरण कुठल्याही एका खऱ्या दाव्याचं नाही. डिचोली, साखळी, वाळपईकडच्या दाव्यांत जे पुन्हा पुन्हा घडतं ते एका कुटुंबावर बसवून ज्युनियर मंडळींना शिकवायला रचलंय. कायदा आणि निकाल मात्र जसेच्या तसे.

वादी तारवटी. क्रूझवर गॅलीत कामाला, कॉन्ट्रॅक्ट संपलं की थोडे दिवस घरी, परत जहाज. प्रतिवादी त्याचा चुलतभाऊ, एकेकाळी खाणीवर दोन टिपर चालवायचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं खाणींच्या ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चपासून खाणी थांबल्या, आणि डिचोली-सत्तरीतल्या शेकडो घरांसारखे याचेही टिपर अंगणात गंजत राहिले. २०२२ मध्ये त्यानं ठरवलं की पर्यटकांसाठी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची. भावाला जहाजावर फोन केला, पैसे मागितले. वादीनं ७ मार्चला ४ लाख आणि २१ मार्चला अडीच लाख बँकेतून पाठवले, एकूण ६,५०,०००. कागद काहीच नाही, भावाभावात कोण कागद करतो. ऑक्टोबरमध्ये ५०,००० परत आले आणि मग काहीच नाही. नोटीस गेली, उलट नोटीस आली, ऑगस्ट २०२४ मध्ये दावा लागला. उसने दिल्यापासून ३ वर्षांची मुदत, म्हणजे मुदतीत होता, तो वाद नव्हता.

कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, प्रतिवादीनं तीन गोष्टी लिहिल्या आणि या तिन्ही नीट लक्षात ठेवा. एक, पैसे मिळाले हे कबूल. दोन, ते उसने नव्हते, वडिलोपार्जित घराचं छप्पर दुरुस्त केलं त्यातला वादीचा वाटा होता. तीन, याशिवाय वादीशी आपला कधीही कसलाही पैशांचा व्यवहार झालेला नाही. हे तिसरं वाक्य कैफियतीत सवयीनं टाकलं जातं, ड्राफ्ट करणारा फारसा विचार करत नाही, पण पुढे त्याच वाक्यानं प्रतिवादीचा रस्ता बंद केला.

दावा १ जुलै २०२४ नंतरचा असल्यामुळे भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ लागू. त्या तारखेला जे दावे आधीच पेंडिंग होते त्यांना कलम १७० मुळे जुना १८७२ चाच कायदा चालतो, त्यामुळे आज एकाच कोर्टात सकाळच्या मॅटरला जुनी कलमं आणि दुपारच्या मॅटरला नवी कलमं असं चाललंय, आपल्या फाईलवर कुठला कायदा ते आधी बघा. पैसे मिळाल्याचं कबूल असल्यामुळे कलम ५३ खाली ते सिद्ध करायची गरजच उरली नाही. राहिला एकच मुद्दा, पैसे कशासाठी दिले, आणि ते उसने होते हे सिद्ध करायचा भार कलम १०४ खाली वादीवर. बँकेचं स्टेटमेंट कितीही स्वच्छ असलं तरी पैसे गेले एवढंच ते सांगतं, का गेले ते सांगत नाही. का गेले हे माणूसच सांगू शकतो, आणि तेही ज्यानं ते बोलणं स्वतः केलं किंवा स्वतः ऐकलं त्यानंच.

आता साक्षीदार. वादी जहाजावर, म्हणून मुखत्यारपत्र वडिलांच्या नावे. वडील सत्तरीच्या पुढचे, सरळ माणूस, रिटायर्ड शिक्षक. त्यांचं सरतपासणीचं शपथपत्र, म्हणजे क्रॉसच्या आधी द्यायची लेखी साक्ष, कसं तयार झालं असेल ते कुठल्याही ऑफिसातल्या ज्युनियरला विचारा. दाव्याची फाईल उघडली, परिच्छेद कॉपी केले, 'वादी' च्या जागी 'मी वादीतर्फे मुखत्यार' घातलं, खाली सत्यापन, सही, झालं. शपथपत्रात लिहिलं होतं की प्रतिवादीनं मार्च २०२२ मध्ये ट्रॅव्हलर घेण्यासाठी उसने पैसे मागितले, सहा महिन्यांत परत करायचं कबूल केलं, वगैरे. सोबत व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटचे प्रिंट आणि वडिलांची एक डायरी, ज्यात त्यांनी तारखा आणि रकमा लिहून ठेवल्या होत्या.

प्रतिवादीच्या वकील मॅडमनी क्रॉस असा घेतला:

"हे पैशांचं बोलणं फोनवर झालं ना?"
"होय."
"तेव्हा तुमचा मुलगा जहाजावर होता?"
"होय."
"फोनवर पलीकडून प्रतिवादी काय बोलला ते तुम्ही स्वतः ऐकलं नाही?"
"मुलानं मला सांगितलं ना."
"मी विचारते तुम्ही स्वतः ऐकलं का."
"नाही."
"डायरीत जे लिहिलंय ते मुलानं सांगितलं म्हणून लिहिलं?"
"होय."
"हे मेसेज तुमच्या फोनवर आलेले नाहीत, मुलानं त्यांचे फोटो तुम्हाला पाठवले?"
"होय."

आणि मॅडम खाली बसल्या. नेहमीच्या सुचवण्या, म्हणजे खोटी साक्ष देताय वगैरे, त्या दोन मिनिटांत उरकल्या, पण या विषयावर पुढचा प्रश्न नाही. नवीन वकिलाला इथे हात शिवशिवतात, त्याला विचारायचं असतं की मग तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता हे उसने होते? क्रॉसमध्ये का आणि कसं हे शब्द साक्षीदाराला मोकळं मैदान देतात. मॅडमना जे हवं होतं ते मिळालं होतं, साक्षीदाराचं ज्ञान ऐकीव आहे एवढंच, आणि ते मिळाल्यावर त्या थांबल्या. मी तरी क्रॉस शिकवताना आधी थांबायचं कुठे ते शिकवतो, प्रश्न कसे विचारायचे ते नंतर.

त्या थांबल्या नसत्या तर काय झालं असतं ते लंचच्या वेळी व्हरांड्यात कळलं. वडील आपल्या वकिलांना म्हणाले, "वकीलसाहेब, त्या वर्षी चवथीला तो आमच्याकडे गणपतीला पाया पडायला आला होता, सोप्यावर माझ्या शेजारी बसून म्हणाला की काका, गाडीचे पैसे अडकलेत, थोडा धीर धरा, भावाचे सगळे पैसे देतो. हे सांगायचं का?"

हे ऐकून वादीच्या वकिलांचं काय झालं असेल कल्पना करा. प्रतिवादीनं स्वतःच्या तोंडानं दिलेली कबुली, वडिलांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेली. कलम ५५ म्हणतं तोंडी पुरावा थेट असला पाहिजे, ऐकायची गोष्ट असेल तर ज्यानं ऐकली त्यानंच सांगायची. चवथीचं बोलणं अगदी तसंच होतं. मुलानं सांगितलं म्हणून केलेली साक्ष ऐकीव, पण प्रतिवादी स्वतः बोलला ते ऐकलं ही थेट साक्ष, आणि विरुद्ध पक्षकाराचं विधान म्हणून ती कबुली ठरते. वडिलांना उसनवारीबद्दल स्वतःहून जी एकमेव गोष्ट माहीत होती ती शपथपत्रात नव्हती, आणि उसनवारीचे जे पाच परिच्छेद होते त्यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं.

काही जण म्हणतील दाव्यातच ते लिहिलेलं नाही तर साक्षीत कसं येणार. इथे बरेच जण गोंधळतात. सिव्हिल प्रोसिजर कोडचा ऑर्डर ६ नियम २ सांगतो की प्लीडिंगमध्ये, म्हणजे दाव्यात आणि कैफियतीत, महत्त्वाच्या घटना लिहायच्या, त्या सिद्ध करायचा पुरावा लिहायचा नाही. उसने दिले ही घटना, ती दाव्यात होती. नंतर कबूल केलं हा त्या घटनेचा पुरावा. त्यामुळे शपथपत्रात आलं असतं तर आक्षेप टिकला नसता.

लंचनंतर फेरतपासणीत वादीच्या वकिलांनी विचारलं, "चवथीला प्रतिवादी तुमच्या घरी येऊन पैशांबद्दल बोलला होता का?" मॅडम लगेच उभ्या. दोन आक्षेप, दोन्ही बरोबर. कलम १४३ प्रमाणे फेरतपासणी क्रॉसमध्ये आलेल्या गोष्टींच्या खुलाशापुरती, नवा विषय आणायचा तर कोर्टाची परवानगी लागते आणि मग समोरच्याला त्यावर परत क्रॉस मिळतो. शिवाय प्रश्नातच उत्तर होतं, कलम १४६ प्रमाणे आपल्या साक्षीदाराला समोरून हरकत आल्यावर असा सूचक प्रश्न कोर्टाच्या परवानगीशिवाय विचारता येत नाही. परवानगी मागितली, कोर्टानं नाकारली, कारण हा विषय क्रॉसमध्ये आलाच नव्हता आणि शपथपत्रात घालायला पूर्ण संधी होती. ऑर्डर १८ नियम १७ खाली साक्षीदार परत बोलवायचा अर्ज करावा का यावर चर्चा झाली, पण ती तरतूद राहून गेलेलं भरून काढायला नाही हे सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये वेर्णेकर निकालात सांगितलंय. अर्ज झाला नाही. चवथीचं बोलणं रेकॉर्डवर कधीच आलं नाही.

मुखत्यारानं साक्ष द्यायची म्हणजे नक्की काय, यावर २००४ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं जानकी भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक या निकालात सांगितलं की ऑर्डर ३ मध्ये मुखत्याराला पक्षकारातर्फे 'कृती' करता येते, त्यात पक्षकाराच्या जागी साक्ष देणं बसत नाही. मुखत्यारानं स्वतः जे केलं त्याबद्दल तो बोलू शकतो, मालकानं जे केलं किंवा फक्त मालकालाच माहीत आहे त्याबद्दल नाही. त्याआधी मुंबई हायकोर्टाचं २००२ मध्ये रिपोर्ट झालेलं एक उलट मत होतं, ते याच निकालात ओव्हररूल झालं, पण आपल्याकडची सवय अजून त्या जुन्या मतावरच चाललेली दिसते. २०१० मध्ये मन कौर निकालात याच विषयावर आणखी तपशिलात लिहिलंय, आणि २०२४ मध्ये वाटेच्या हक्काच्या एका दाव्यात मुखत्याराची साक्ष स्वतःच्या ज्ञानापलीकडे जात नाही म्हणून सुप्रीम कोर्टानं ती बाजूला ठेवली. वर पक्षकार स्वतः बॉक्समध्ये आलाच नाही तर विद्याधर विरुद्ध माणिकराव, १९९९, आहेच, त्याच्याविरुद्ध अनुमान निघू शकतं.

म्हणजे वादीला आणणं भाग होतं. तो कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आला तेव्हा त्याला साक्षीदार म्हणून घ्यायचा अर्ज झाला आणि मॅडमनी ऑर्डर १८ नियम ३ए काढला. पक्षकाराला स्वतः साक्ष द्यायची असेल तर बाकीच्या साक्षीदारांच्या आधी द्यायची, नंतर द्यायची तर कोर्टानं कारणं लिहून परवानगी द्यायला हवी. आधी वडील, मग मुलगा, म्हणजे क्रम उलटा. जहाजाचं कॉन्ट्रॅक्ट, पासपोर्टवरचे शिक्के लावून अर्ज केला होता म्हणून कोर्टानं कॉस्ट लावून परवानगी दिली. तारवट्याचा दावा घेताना पहिल्या दिवशीच विचारायला हवं की घरी कधी असणार. त्या दिवसांत क्रॉस व्हावा म्हणून त्याच ऑर्डरच्या नियम ४ खाली कोर्ट कमिशनर मागता येतो, कमिशनरपुढचे आक्षेप नुसते नोंदले जातात आणि आर्ग्युमेंटच्या वेळी कोर्ट ठरवतं, त्यामुळे एका बैठकीत काम होतं आणि माणूस वेळेत जहाजावर जातो.

आता फोन. वडिलांच्या साक्षीवेळी स्क्रीनशॉट एक्झिबिट, म्हणजे पुरावा म्हणून दाखल, झाले नव्हते, मॅडमनी तिथल्या तिथे आक्षेप घेतला आणि कोर्टानं ते फक्त ओळखीपुरते 'एक्स' म्हणून मार्क केले. आक्षेप तिथल्या तिथे घेणं का महत्त्वाचं ते वेंकटाचल गौंडर, २००३, मध्ये आहे. कागद मुळातच अग्राह्य असेल तर आक्षेप नंतरही घेता येतो, पण सिद्ध करायची पद्धत चुकलीय एवढाच आक्षेप असेल तर तो एक्झिबिट पडतानाच घ्यायचा, गप्प बसलात तर गेला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला कलम ६३ खालचं सर्टिफिकेट लागतं, जुन्या कायद्यातलं ६५बी. सर्टिफिकेटशिवाय कॉपी चालत नाही हे अन्वर बशीर, २०१४, आणि अर्जुन खोतकर, २०२०, या दोन निकालांनी पक्कं केलं. नव्या कायद्यात सर्टिफिकेटचे दोन भाग आहेत, भाग ए पक्षकारानं भरायचा, भाग बी तज्ज्ञानं, आणि दोन्हीत फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा. हे सर्टिफिकेट वडील देऊ शकत नव्हते कारण त्यांच्या फोनवर चॅट नव्हताच, चॅटचे फोटो होते. खोतकर निकालात एक सोपी वाटही आहे, फोनचा मालक स्वतः बॉक्समध्ये आला, फोन माझा, मीच वापरतो असं म्हणाला आणि तोच फोन कोर्टापुढे ठेवला तर तो मूळ दस्तऐवज, सर्टिफिकेटची गरज नाही. पण वादीनं २०२३ मध्ये फोन बदलला होता, चॅट बॅकअपमधून नव्या फोनवर उतरवलेला. समोरून वाद होणार हे दिसत होतं, म्हणून चॅट एक्सपोर्ट करून, हॅश काढून, दोन्ही भाग भरून सर्टिफिकेट लावलं. तज्ज्ञ म्हणजे नक्की कोण यावर कोर्टात हुज्जत होते, तेव्हा जो माणूस उद्या बॉक्समध्ये उभा राहून हॅश म्हणजे काय आणि मी काय केलं हे साध्या भाषेत सांगू शकेल त्याचीच सही घ्या. आणि क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगा की दावा संपेपर्यंत फोन विकायचा नाही, चॅट डिलीट करायचा नाही.

डायरीवर फार वेळ घालवू नये. कलम २८ प्रमाणे नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतल्या नोंदीसुद्धा एकट्याच कोणाला देणेकरी ठरवायला पुरत नाहीत, आणि १९९८ च्या जैन डायऱ्यांच्या प्रकरणात, सीबीआय विरुद्ध व्ही. सी. शुक्ला, सुटे कागद तर हिशेबाची वहीच ठरले नव्हते. इथे तर डायरी मुलाच्या सांगण्यावरून लिहिलेली. ती लावलीच नसती तर मॅडमना एक प्रश्न कमी मिळाला असता.

वादीचा क्रॉस मॅडमनी चांगला घेतला. लेखी काही नाही, व्याज ठरलं नाही, तारीख ठरली नाही, हे सगळं वदवून घेतलं. मग फॅमिली ग्रुपवरचा एक मेसेज अचानक पुढे केला, छपराचे फोटो आणि त्याखाली वादीचं "बरें जालें". हा कागद आधी फाईल केला नव्हता, पण समोरच्याच्या क्रॉससाठी कागद थेट दाखवता येतो, ऑर्डर ८ नियम १ए तशी सूट देतो, आणि समोर साक्षीदार असो की स्वतः पक्षकार, दोघांनाही तो दाखवता येतो हे सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये मोहम्मद अब्दुल वाहिद निकालात स्पष्ट केलं. वादी म्हणाला, "होय, मीच लिहिलं, छप्पर बरं झालं म्हणून." सरळ उत्तर होतं, नुकसान काही झालं नाही. तयारी करून घेताना साक्षीदाराला हेच सांगायचं असतं, जे खरं आहे ते मान्य करा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आणि विचारलंय तेवढंच. उत्तरं पाठ करून घेणं चुकीचंच आणि क्रॉसमध्ये ते उघडंही पडतं.

मग प्रतिवादी बॉक्समध्ये आला. त्यानं छपराचं काम करणाऱ्या मेस्ताचं, म्हणजे कारागिराचं, बिल लावलं, ४,८०,००० चं. मेस्त साक्षीला नव्हता, म्हणजे बिल रीतसर सिद्ध नव्हतं. वादीच्या वकिलांनी आक्षेप घेतला नाही, मुद्दाम. कारण कैफियतीप्रमाणे घराचे वाटेकरी तीन, म्हणजे वाटा पडतो १,६०,००० आणि वादीनं पाठवले ६,५०,०००. प्रत्येक कागदाला उठून आक्षेप घेणारा वकील कधीकधी आपल्याच कामाचा कागद बाहेर ठेवतो. आणि हा हिशेब त्यांनी प्रतिवादीला विचारलाही नाही, विचारला असता तर त्यानं फरशी, वायरिंग, संडास असं काहीतरी जोडून खुलासा केला असता. हिशेब आर्ग्युमेंटसाठी राखला आणि क्रॉसमध्ये फक्त दारं एकेक करून लावली.

"छपराशिवाय घराचं दुसरं काही काम काढलं नव्हतं?"
"नाही."
"छप्पर २०२२ च्या पावसाआधी पूर्ण झालं?"
"होय, मे मध्ये."
"मेस्ताचे सगळे पैसेही मे मध्येच दिले?"
"होय."
"म्हणजे जूनमध्ये छपरापायी कोणाचं काही देणं नव्हतं?"
"नाही."
"कैफियतीत तुम्ही लिहिलंय की वादीशी दुसरा कसलाही पैशांचा व्यवहार झाला नाही, ते बरोबर आहे?"
"बरोबर."
"हा नंबर तुमचा? २०२२ मध्येही तुमच्याकडेच होता?"
"होय."

यानंतर २० जून २०२२ चा मेसेज दाखवला. "चवथीमेरेन सगळे पयशे परत दितां, आवय-बापायक सांगूं नाका." म्हणजे चवथीपर्यंत सगळे पैसे परत देतो, आईवडिलांना सांगू नको. कलम १४८ प्रमाणे लेखी विधानानं साक्षीदाराला खोडायचं असेल तर तो नेमका भाग त्याच्या नजरेस आणावा लागतो, अख्खा चॅट हातात देऊन चालत नाही. पक्षकाराची कबुली स्वतंत्रपणे सिद्ध झाली असेल तर ती त्याला दाखवली नाही तरी चालते असं भरत सिंग, १९६६, सांगतो, तरीही दाखवावी, न्यायाधीशांना माणसाचा चेहरा बघायला मिळतो आणि नंतर संधी मिळाली नाही अशी तक्रार उरत नाही. वकिलांनी एवढंच विचारलं, "हा मेसेज तुम्ही पाठवला?" बराच वेळ गेला, मग "होय." वकिलांनी लगेच विनंती केली की ऑर्डर १८ नियम १० खाली हा प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं नोंदावं, कारण एरवी साक्ष कथनासारखी टाईप होते आणि प्रश्न काय होता ते अपिलात कोणालाच कळत नाही. नोंद झाली. वकील बसले. कुठले पैसे परत करणार होता, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, त्याचं उत्तर आधीच्या सहा उत्तरांत आलं होतं.

मेसेज पहिल्याच प्रश्नाला दाखवला असता तर प्रतिवादी सहज म्हणाला असता की ते दुसऱ्या पैशांबद्दल होतं किंवा छपराचे उरलेले परत करणार होतो. क्रम हाच क्रॉस आहे, प्रश्न त्यामानानं साधेच असतात.

प्रतिवादी उतरणार इतक्यात न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, ऑक्टोबरमधले ५०,००० कशाचे? कलम १६८ खाली कोर्टाला कुठलाही प्रश्न विचारता येतो, त्याला आक्षेप नाही. उत्तर आलं, काकीच्या औषधाला दिले. हे कैफियतीत नाही, वडिलांच्या क्रॉसमध्ये नाही, वादीच्या क्रॉसमध्ये नाही. कोर्टाच्या प्रश्नाच्या उत्तरावर क्रॉस करायला परवानगी लागते, ती मागून वकिलांनी एकच गोष्ट नोंदवून घेतली, की हे आज पहिल्यांदाच सांगतोय. आपली बाजू समोरच्या साक्षीदाराला सुचवायची, नाहीतर ती नंतर रचलेली मानली जाते, हा नियम हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या ब्राऊन विरुद्ध डन, १८९३, पासून चालत आलाय आणि आपल्या सुप्रीम कोर्टानं लक्ष्मीबाई विरुद्ध भगवंतबुवा, २०१३, मध्ये तोच धरलाय. मॅडमची यात काही कसूर असेलच असं नाही, अशिलानं त्यांनाही हे कधी सांगितलं नसावं.

दावा ६,००,००० आणि दाव्याच्या तारखेपासूनच्या व्याजासह मंजूर झाला. निकालात वडिलांच्या साक्षीला एकच परिच्छेद मिळाला, ऐकीव म्हणून बाजूला. मेसेज होता म्हणून दावा वाचला. मेसेज नसता, किंवा फोन बदलताना बॅकअप घेतला नसता, तर वादीचा शब्द विरुद्ध प्रतिवादीचा शब्द एवढंच उरलं असतं आणि तेव्हा चवथीचं ते बोलणं हाच निर्णायक पुरावा ठरला असता.

म्हणून ज्युनियर मंडळींना मी या फाईलवर एकच काम देतो, वडिलांचं शपथपत्र परत लिहा. फाईल न उघडता, त्यांना समोर बसवून, प्रत्येक वाक्याला "हे तुम्हाला कसं माहीत?" विचारत. ऑर्डर १९ नियम ३ तेच सांगतो, शपथपत्रात स्वतःच्या ज्ञानातलंच असावं. 'मुलानं सांगितलं' असं उत्तर आलं की ते वाक्य काढायचं, ते मुलाच्या शपथपत्रात जाईल. असं केलं की पंधरा परिच्छेदांच्या जागी चारच येतात. मी वादीचा वडील, वादी जहाजावर असतो, मुखत्यारपत्र माझ्यासमोर झालं. वडिलोपार्जित घरात आम्ही राहतो, २०२२ मध्ये छपराचं काम झालं तेव्हा मी घरी होतो, मेस्त कोण, काम कधी संपलं ते मी पाहिलं. वादीच्या वाट्याचे पैसे छपरासाठी माझ्याकडे किंवा माझ्यासमोर कोणी मागितले नाहीत. आणि चौथा, ३१ ऑगस्ट २०२२ रोजी, चवथीच्या दिवशी संध्याकाळी, प्रतिवादी आमच्या घरी आला, सोप्यावर माझ्या शेजारी बसला आणि मला म्हणाला, "काका, गाडीचे पैसे अडकलेत, थोडा धीर धरा, भावाचे सगळे पैसे देतो."